डिस्क भरली म्हणून नोंदी पुसू नका!
लॉग फायलींचे ‘रोटेशन’ म्हणजे काय आणि ते कसे करावे?

सोलापूर : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखादा टॉवेल कारखाना डोळ्यांसमोर आणा. माल भरून ट्रक दारात उभा आहे, पण संगणकावर बिल निघत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेले नाही. सर्व्हरची डिस्क लॉग फायलींनी भरली आहे. घाईघाईने त्या पुसल्या की काम सुरू होते. मात्र दोन महिन्यांनी हिशेबात फेरफार झाल्याचे लक्षात आले, तर माग कशावरून काढणार?

लॉग म्हणजे काय?
लॉग ही सॉफ्टवेअरची रोजनिशी. कोणी, किती वाजता, कोणत्या संगणकावरून लॉगिन केले, कुठे चूक झाली, याची ओळ आपोआप लिहिली जाते. त्यामुळे फाइल रोज वाढत राहते.

रोटेशन कसे चालते?
सरकारी कार्यालयांतील ‘सहा गठ्ठे’ पद्धत आठवा. चालू कागद हाताशी, काम संपलेले अभिलेख कक्षात, मुदत संपलेले नष्ट. रोटेशनही तेच करते. ठरलेल्या दिवशी किंवा ठरावीक आकार झाल्यावर चालू फाइल बाजूला ठेवून नवी उघडते, जुनी कॉम्प्रेस करते आणि मुदत संपलेली पुसते. लिनक्स सर्व्हरवर त्यासाठी ‘लॉगरोटेट’ हा मोफत प्रोग्राम वापरतात.

किती दिवस ठेवायचे?
खरी गफलत इथेच होते. अनेक लिनक्स सर्व्हरवर मूळ सेटिंग आठवड्याला एक, अशा चार जुन्या फायली ठेवण्याचे असते. म्हणजे जेमतेम महिनाभराच्या नोंदी. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांना 180 दिवसांचे लॉग ठेवण्यास सांगितले आहे. त्यासाठी साप्ताहिक फायली चारऐवजी किमान 26 हव्यात.

जागा किती लागेल?
रोज 200 एमबी लॉग तयार होत असेल, तर 180 दिवसांचा 36 जीबी होतो. कॉम्प्रेस केल्यावर तो दहाव्या हिश्श्यावर आला, तर 4 जीबीही लागत नाहीत.

हे लक्षात ठेवा
- सॉफ्टवेअर चालू असताना त्याची लॉग फाइल नुसती पुसली, तर लिनक्सवर जागा लगेच मोकळी होत नाही. सॉफ्टवेअर ती फाइल सोडेपर्यंत जागा अडकून राहते.
- पासवर्ड आणि ओटीपी लॉगमध्ये लिहिले जाऊ देऊ नका.
- लॉगची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा. सर्व्हरमध्ये घुसलेला चोर आधी नोंदीच पुसतो.
- कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील बदलांची नोंद, म्हणजे ‘ऑडिट ट्रेल’, 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. ती आठ वर्षे जपायची असते. तिला रोटेशन लावू नका.
- डिस्क 80 टक्के भरताच इशारा येईल, अशी सोय करून घ्या.

आपल्या सर्व्हरवर सर्वांत जुनी नोंद कोणत्या तारखेची आहे, हे संगणक सांभाळणाऱ्याला आजच विचारा.