मिठाचा तलाव आणि तलावावरचा माणूस

पोहण्याच्या तलावात मीठ घातले म्हणजे क्लोरिनची पीडा टळली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. मिठाचा तलाव हाही क्लोरिनचाच तलाव होय. एरवी जो क्लोरिन पिंपांतून किंवा नळकांड्यांतून येतो, तो येथे मिठापासून जागच्या जागी तयार होतो, इतकाच फरक. पण तलावावर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

आपल्या भागात तलाव म्हटला की दादरचा, शिवाजी पार्काजवळचा, महापालिकेचा महात्मा गांधी स्मारक तलाव आठवतो. परळ-लालबागला गिरण्यांच्या जमिनींवर जे मनोरे उभे राहिले, त्यांतही आता तलाव आहेत. तलाव सार्वजनिक असो वा खासगी, त्याचे पाणी कोणीतरी कामगारच राखीत असतो. तलाव मिठाचा करावा की नाही, हे ठरवताना त्याचाही विचार व्हावयास हवा.

प्रथम यंत्र समजून घेऊ. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरिन यांचा संयोग. खारे पाणी दोन पट्ट्यांमधून नेऊन त्यांत वीज सोडली की एका पट्टीवर क्लोरिन सुटतो, दुसरीवर हायड्रोजन. विजेने पदार्थ फोडण्याच्या ह्या क्रियेचे नियम मायकेल फॅरडे याने १८३०-४० च्या दशकात मांडले. सुटलेला क्लोरिन पाण्यात विरघळून जंतू मारतो, आणि काम झाल्यावर बव्हंशी पुन्हा मीठ होतो. म्हणून मीठ संपत नाही. ते कमी होते ते पाणी बाहेर गेल्यामुळे : गाळणी उलटी धुताना, पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर, आणि आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा. उन्हाने उडते ते नुसते पाणी. त्याच्या भरपाईला मीठ घालू नये.

किती मीठ लागते? गिरगाव चौपाटीवर तोंडात जाते त्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या अश्रूंत सुमारे ९. तलावाला ३ ते ५ ग्रॅम पुरतात. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल तलावात ४ लाख लिटर पाणी मावते. लिटरला ४ ग्रॅम धरले तर १,६०० किलो, म्हणजे ५० किलोंची ३२ पोती. जुन्या तलावाच्या पाण्यात थोडे मीठ आधीच असते. म्हणून आधी मोजावे, मग पोती फोडावीत. ज्या वडाळ्याच्या मिठागरांनी १९३० चा सत्याग्रह पाहिला, तसल्या आगरातले खडे मीठ मात्र येथे चालत नाही. त्यात माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. शुद्ध आणि आयोडीन न घातलेले मीठ घ्यावे. ते पसरून टाकावे, पंप दिवसभर चालवावा, आणि सारे विरघळल्यावरच वीज सुरू करावी.

यंत्र बसले म्हणजे काम संपले, असे विकणारा सांगतो. गिरणीत साचा बसला म्हणून साचेवाला घरी जात नसे. येथेही तसेच आहे. क्लोरिन दर दहा लाख भागांत १ ते ३ भाग असावा आणि सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.६ असावा. ह्या यंत्राने सामू चढत जातो. तो साडेसात असता क्लोरिनचा निम्मा भाग जंतूंवर जोमाने काम करतो. आठावर गेला की चौथाईच उरतो. म्हणजे क्लोरिन मोजून पुरेसा दिसतो, पण पाणी निर्धोक नसते. सामू उतरवण्यास हायड्रोक्लोरिक ॲसिड लागते. पट्ट्यांवर चुन्याची पुटे चढतात, तीही पातळ ॲसिडने काढावी लागतात. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडात पाणी कधीही नाही. खारट पाणी शिड्या, खिळे आणि मऊ दगड खाते. गाळणी धुतलेले पाणी झाडांच्या मुळाशी सोडू नये. डोळ्यांची आग आणि उग्र वास मात्र घाम व लघवीशी क्लोरिनचा संयोग होऊन येतो. त्यावर उपाय एकच : अंग धुऊन पाण्यात उतरणे.

आता कामगाराचा प्रश्न. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड असतो. तळघरातल्या पंपाच्या खोलीत तो खाली साचून राहतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे तो युद्धात सोडला गेला, तो खंदकांत उतरला तो ह्याच गुणामुळे. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजीबंदरात साठवलेल्या नळकांड्यांतून तो गळला, आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. मिठाच्या यंत्राने असा साठा बाळगण्याची गरज पुष्कळशी जाते, हा त्याचा खरा लाभ. पण ॲसिड राहते. आणि गर्दीच्या दिवसासाठी ठेवलेला हायपोक्लोराइट त्याच्याजवळ ठेवला, चुकून दोन्ही मिसळली, तर तोच वायू सुटतो. पाण्याचा प्रवाह थांबूनही वीज चालू राहिली तर साचलेला हायड्रोजन भडकू शकतो. म्हणून प्रवाह थांबताच वीज तोडणारी कळ बंद पाडून ठेवू नये.

तेव्हा तलाव मिठाचा करणाऱ्यांनी यंत्राच्या किमतीबरोबर आणखी चार गोष्टींचा खर्च मांडावा : मोजण्याची साधने, हातमोजे व चष्मा, हवेशीर खोली, आणि हे सारे शिकवलेला, पुरते वेतन मिळणारा माणूस. पहिल्या तिन्ही घेऊन चौथीत काटकसर केली, तर बत्तीस पोती मीठ पाण्यात गेले असे समजावे. ज्याच्या हातून आपल्या मुलांचे पाणी शुद्ध होते, त्याचा श्वासही शुद्ध राहिला पाहिजे, एवढे पाहणे तलावात उतरणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.