डिस्क गप्प का होते?
घरच्या सर्व्हरची डिस्क एकाएकी गप्प झाली, तर ती गेलीच असे समजू नये. प्रत्येक उपकरण प्रोसेसरला हाक देते. तिलाच इंटरप्ट म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत या हाकांच्या तारा आठच होत्या. पुढे अनेक पीसीआय कार्डे एकच तार वाटून घेऊ लागली. वाटून घेणे हा दोष नव्हे. परंतु एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांना कोणी धनी निघाला नाही, की लिनक्स ती तारच बंद करते. मग शेजारची निरपराध डिस्कही मंदावते किंवा मुकी होते. म्हणून आधी ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ ही यादी वाचावी. डिस्कच्या ओळीत दुसरे नाव असल्यास ते कार्ड दुसऱ्या खाचेत बसवावे, किंवा एमएसआय चालू करावे. तीत सामायिक तारेऐवजी स्वतंत्र निरोप जातो. घरची छायाचित्रे ज्या डिस्कवर आहेत, ती चौकशीवाचून टाकून देऊ नये.