खोडावरचा आकडा वाचणारा वाटाड्या

पोर्तुगालच्या दक्षिणेला, अल्गार्व्हचा किनारा सोडून आत वळलं की साओ ब्राझ द अल्पोर्तेलच्या मागे काल्देइराओच्या टेकड्या लागतात. इथल्या जीप सफरीला वाटाड्या हवा, तो रस्ता चुकू नये म्हणून नव्हे. हा मुलूख नुसता पाहून कळत नाही म्हणून. बुचाच्या ओकचं खोड खालच्या अंगाला सोललेलं, तांबूस दिसतं. त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा असतो, समजा 3. म्हणजे 2023 मध्ये साल काढली. पुन्हा कुऱ्हाड लागेल ती किमान 9 वर्षांनी, 2032 मध्ये. पहिली सोलणी झाड पंचविशीत आल्यावर होते आणि बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. लावणाऱ्याच्या हयातीत ती मिळेलच असं नाही! हे कुणी सांगितलं नाही, तर डोळ्यांना फक्त विरळ रान दिसतं.

गाड्यांनी धूळ उडते, माती दबते, मग पायीच का जाऊ नये? आक्षेप रास्त आहे. पण वाड्या विखुरलेल्या, उन्हाळा कडक. बुचाचं रान आणि मेद्रोन्यो दारूची भट्टी एका दिवसात पायी साधत नाही, वयस्करांना तर नाहीच. शेतीच्या जुन्या कच्च्या रस्त्यांवरच चाकं राहिली तर नुकसान आटोक्यात राहतं. रस्ता सोडला की मुळांवरची माती घट्ट होते आणि तापलेल्या सायलेन्सरने सुकं गवत पेटू शकतं. मध्य पोर्तुगालमधल्या पेद्रोगाओ ग्रांदच्या वणव्यात जून 2017 मध्ये 66 माणसं गेली. म्हणूनच वणव्याचा धोका वाढलेल्या दिवशी सफर रद्द करणाऱ्या वाटाड्यावर मी जास्त विश्वास टाकेन.