जालन्याचे बियाणे: प्रयोगशाळा ते सीड प्लॉट

प्रयोगशाळेतला शोध बाजारात यायला कारखाना, भांडवल, कायदा आणि गिऱ्हाईक अशी सगळी साखळी लागते. अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रीमन यांनी १९८७ मध्ये जपानवरच्या पुस्तकात तिला ‘राष्ट्रीय नवोपक्रम व्यवस्था’ म्हटले. साम्यवादी देशांत ती सरकारी योजनेने बांधलेली असे. हंगेरीत मार्टोनवाशारच्या संशोधन संस्थेने १९५३ मध्येच संकरित मका दिला, म्हणजे बुद्धीची वानवा नव्हती. १९८९ नंतर मात्र या देशांत योजना गेली, कारखाने विकले गेले आणि अनेक संशोधन संस्थांचे ठरलेले गिऱ्हाईकच नाहीसे झाले.

भारत साम्यवादी नव्हता, पण १९९१ पर्यंत परवान्यांचे राज्य होतेच. त्या काळातही जालन्यात बियाण्यांची साखळी जुळली. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा सावनी’ भेंडीचे बियाणे वाढवून विकायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी काढली. सरकारी संशोधनातून ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण आला तोही त्याच वर्षी. संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, त्यामुळे शेतकरी दरवर्षी नवी पिशवी घेतो. खासगी कंपनीने संशोधनात पैसा घालावा, याचे खरे कारण हेच.

हे बियाणे तयार होते शेतकऱ्याच्याच रानात. कपाशीच्या सीड प्लॉटवर दुपारनंतर मजूर बाया दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी वाणाच्या कळ्यांतले पुंकेसर नखाने काढतात. सकाळी नर वाणाच्या फुलाचा पराग त्यांवर फिरवतात. हंगामभर रोज हेच. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या हातांना क्वचितच जागा मिळते, साखळी मात्र त्यांच्याशिवाय एक दिवस चालणार नाही.

१९८८ च्या बियाणे धोरणाने परदेशी वाण आणि भागीदारीला वाट दिली. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचा बोंडअळी मारणारा ‘बीटी’ जनुक महिकोच्या कपाशीत आला आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, हा भाग जाहिरातींत नसतो. महिकोच्या बीटी वांग्याला केंद्राने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. त्याच तंत्राच्या वांग्याला बांगलादेशाने २०१३ मध्ये मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी ते तिथल्या शेतांत लागले.