हातांचें शिक्षण : शांतिनिकेतन आणि श्रीनिकेतन

घरांतील मुलगा अथवा मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, कीं सुशिक्षित कुटुंबांत एक लहानशी परिषदच भरते. आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वजण तींत भाग घेतात. कोणती शाखा घ्यावी, कोणतें महाविद्यालय नांवाजलेलें, पुढें नोकरीची सोय कशी, या प्रश्नांचा रात्री उशिरांपर्यंत खल होतो. परंतु या सर्व शिक्षणांत मुलाच्या हातांना कोणतें काम मिळणार, हा प्रश्न त्या परिषदेंत सहसा कोणी काढीत नाहीं. आमच्या वर्गाची जुनी समजूतच अशी आहे कीं, विद्या जिभेच्या टोकावर आणि मस्तकांत वसते. हात हे लेखणी धरण्यापुरते! पाणी भरणें, जमीन नांगरणें, कातडें कमावणें हीं कामें इतरांचीं. आणि स्वयंपाक, उष्टीं, भांडीं हीं घरांतल्या घरांत बायकांचीं. अशा कुटुंबांनीं ज्या एका लहान विद्यापीठाची हकीकत अवश्य वाचावी, तिची ओळख करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. तें विद्यापीठ म्हणजे विश्वभारती होय.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांत, बोलपूर स्टेशनाच्या जवळ, तांबड्या मुरमाड मातीचें एक माळरान होतें. तेथें सातविणीच्या दोन झाडांच्या आसऱ्यानें महर्षि देवेंद्रनाथ ठाकूर यांनीं १८६३ सालीं वीस बिघे जमीन पट्ट्यानें घेतली आणि ध्यानधारणेसाठीं आश्रम वसविला. याच शांतिनिकेतनांत त्यांचे चिरंजीव रवींद्रनाथ यांनीं १९०१ च्या डिसेंबरांत अवघे पांच विद्यार्थी घेऊन शाळा काढली. त्या पांचांत त्यांचा स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ हाही होता. १९२१ सालीं या शाळेंतून विश्वभारती उभी राहिली, आणि १९५१ सालीं संसदेच्या कायद्यानें ती केंद्र सरकारचें विद्यापीठ झाली. मुंबई किंवा पुणें विद्यापीठाप्रमाणें तिला शेंकडों संलग्न महाविद्यालयांचा पसारा नाहीं. शिशुवर्गापासून संशोधनापर्यंतचें शिक्षण एकाच संस्थेच्या छत्राखालीं, शांतिनिकेतन व श्रीनिकेतन या दोन जोड वसाहतींत चालतें. बालवर्गांतील मूल आणि पदवीचा विद्यार्थी एकाच शालवृक्षांच्या रांगेखालून जातात, ही गोष्ट इतर विद्यापीठांत क्वचितच आढळेल.

येथील दिनक्रमाची कीर्ति सर्वत्र आहे. शाळेचे वर्ग झाडांखालीं भरतात, मुलें आपापलीं आसनें घेऊन जमिनीवर बसतात, आणि तास बदलला म्हणजे गुरुजी नव्हेत, तर मुलेंच एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखालीं जातात. रविवारऐवजीं बुधवारीं सुटी घेण्याची व त्या दिवशीं सकाळीं कांचेच्या मंदिरांत उपासना करण्याची येथील परंपरा आहे. पावसाळ्यांत वृक्षारोपणाचा उत्सव होतो. तो रवींद्रनाथांनीं १९२८ सालीं सुरू केला. श्रीनिकेतनांत नांगरणीचा उत्सव होतो. त्याला हलकर्षण म्हणतात. स्वतः कवीनें तेथें नांगराला हात लाविला होता, आणि नंदलाल बसु यांनीं तो प्रसंग भिंतीवर चितारून ठेविला आहे. महालयेच्या दिवशीं मुलेंमुलीं आनंदबाजार भरवितात. स्वतः केलेले खाद्यपदार्थ व वस्तु विकावयाच्या आणि आलेला पैसा सेवाकार्यास द्यावयाचा, असा त्याचा संकेत आहे. १९२९ सालीं जपानहून ताकागाकी नांवाचे जूदोचे शिक्षक येथें आणले गेले, तेव्हां मुलांबरोबर मुलींनींही ती विद्या शिकावी असा रवींद्रनाथांचा आग्रह होता. हें सर्व ऐकून मन प्रसन्न होतें यांत संशय नाहीं. तथापि, एवढ्यावरून शांतिनिकेतन म्हणजे गाणीं, फुलें आणि उत्सव असा जो समज पसरला आहे, तो अपुरा आहे. या संस्थेनें एक अवघड प्रश्न हातीं घेतला होता, आणि आमच्या मतें तोच तिचा खरा वारसा होय.

तो प्रश्न १९१५ सालीं स्वयंपाकघरांत उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेंतील फीनिक्स आश्रमाचीं मुलें आधींच शांतिनिकेतनांत येऊन राहिलीं होतीं, आणि फेब्रुवारींत गांधीजी तेथें पोंचले. इतक्यांत पुण्यास गोपाळराव गोखल्यांचें निधन झाल्याची वार्ता आल्यामुळें ते तिकडे गेले व मार्चमध्यें परत आले. आश्रमांत पगारी आचारी होते. गांधीजींनीं सुचविलें कीं, आचाऱ्यांना रजा द्यावी, आणि शिक्षक व विद्यार्थी यांनीं मिळून स्वयंपाक करावा. शिक्षक राजी असतील तर आपणांस ही कल्पना मान्यच आहे, असें रवींद्रनाथ म्हणाले; इतकेंच नव्हे, तर स्वराज्याची किल्ली या प्रयोगांत आहे, असें त्यांनीं मुलांना सांगितलें. साताऱ्यास जन्मलेले आपले काकासाहेब कालेलकर त्या वेळीं तेथेंच होते, आणि तेही या उद्योगांत सामील झाले. १० मार्च रोजीं प्रयोगास आरंभ झाला. कोणी भाजी चिरूं लागले, कोणी धान्य निसूं लागले, कोणी स्वयंपाकघर व परिसर झाडूं लागले. पियर्सन नांवाच्या इंग्रज अध्यापकांनीं मोठमोठीं भांडीं घासण्याचें काम आनंदानें अंगावर घेतलें. आणि भांडीं घासणाऱ्यांचा कंटाळा जावा म्हणून कांहीं विद्यार्थी त्यांच्याजवळ बसून सतार वाजवीत!

सव्वाशें मुलें आणि त्यांचे गुरु या कामांत पाण्यांतल्या माशांप्रमाणें रमतील, अशी अपेक्षा करणें अर्थातच व्यर्थ होतें. कित्येकजण लवकरच थकले. कांहीं काळानें तो प्रयोग थांबला, हें गांधीजींनींच आपल्या आत्मकथेंत नमूद केलें आहे. मागें राहिला तो एक दिवस. १० मार्च हा दिवस शांतिनिकेतनांत गांधी पुण्याह म्हणून पाळण्याची प्रथा पडली. त्या दिवशीं नोकरांना विश्रांति असते, आणि झाडलोट व स्वयंपाक विद्यार्थी व अध्यापक करितात. वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांचा संकल्प एका दिवसावर आला, असें कोणी म्हटल्यास तें खोटें नाहीं. चांगल्या कल्पनेचा उत्सव करून ती बाजूला ठेवण्याची कला आम्हां सर्वांनाच अवगत आहे.

परंतु तो प्रश्न तेथेंच विझला नाहीं. रवींद्रनाथांनीं १९०६ सालीं रथींद्रनाथास अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत शेतकी शिकावयास धाडिलें होतें. बंगालमधील श्रीमंत बापांचे मुलगे बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस जात होते, तो हा काळ, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या निवडीचें मोल कळतें. हेच रथींद्रनाथ पुढें लांकूडकामांत व चामड्याच्या नक्षीकामांत निष्णात झाले, आणि १९५१ सालीं विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाल्यावर तिचे पहिले उपाचार्य, म्हणजे कुलगुरु, झाले. कुलगुरूचे हात रंध्यावर आणि चामड्यावर चालतात, हें दृश्य आमच्या विद्यापीठांना अजून नवलाचेंच वाटेल!

१९२२ च्या फेब्रुवारींत जवळच्या सुरुल गांवीं ग्रामसुधारणेची संस्था सुरू झाली. तिलाच पुढें श्रीनिकेतन हें नांव मिळालें. तिचे प्रमुख लिओनर्ड एल्महर्स्ट हे केंब्रिजचे पदवीधर असून अमेरिकेंतील कॉर्नेल येथें शेतकी शिकलेले होते. त्यांच्याबरोबर थोडेसे विद्यार्थी गेले. भद्रलोकांच्या त्या मुलांना पहिलाच धडा मिळाला तो असा कीं, येथें सफाईसाठीं निराळा माणूस असणार नाहीं; चर खणून मैला मातीआड करण्याचें काम ज्याचें त्यानें करावयाचें. मग शेती, विणकाम, कातडीं कमावणें हीं कामें आलीं. आसपासचीं गांवें कां खंगत आहेत याचा शोध त्यांनीं गांवांत जाऊनच घेतला. माकडांचा उच्छाद, हिवताप, आणि माणसांचा एकमेकांवरील अविश्वास, अशीं तीन कारणें एल्महर्स्ट यांना दिसलीं. पुस्तकांत पहिलीं दोन कदाचित् सांपडतीं. तिसरें मात्र गांवांत राहिल्याशिवाय सांपडण्यासारखें नव्हतें. पुढें मुलांचीं व्रतीबालक पथकें व सहकारी आरोग्य संस्था या कामांतूनच निघाल्या.

१९२४ सालीं खेड्यांतील मुलांसाठीं शिक्षासत्र ही शाळा निघाली. बागकाम, स्वयंपाक, विणकाम आणि स्वच्छता हींच तेथें अभ्यासाचीं साधनें होतीं, आणि वाचन, लेखन व हिशेब त्यांच्याच अनुषंगानें यावयाचे. या धाग्याचें एक टोंक महाराष्ट्रांतही आलेलें आहे. शांतिनिकेतनांत काम केलेले आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी हें दांपत्य पुढें वर्ध्यास आलें, आणि १९३७ सालच्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामांत नयी तालीमचें काम त्यांनींच वाहिलें.

कलाभवनांतील पद्धतिही हीच. १९१९ सालीं निघालेल्या या विभागांत नंदलाल बसु यांनीं कला आणि कारागिरी यांमध्यें भिंत उभी राहूं दिली नाहीं. विनायक मासोजी यांच्यासारखे महाराष्ट्रीय चित्रकारही त्यांच्याजवळ शिकून पुढें तेथेंच शिकवूं लागले. विद्यार्थ्यांच्या राहण्याची काळी बाडी ही मातीची, डांबर लाविलेली इमारत आहे. तिच्या भिंतींवरील उठावाचीं चित्रें अध्यापक व विद्यार्थी यांनीं मिळून घडविलीं. रामकिंकर बैज यांनीं १९३८ सालीं सिमेंट आणि मुरमाची खडी यांतून संथाळ कुटुंबाचें भव्य शिल्प उभें केलें. संगमरवरासाठीं ते अडून बसले नाहींत. पायाखालची खडीच त्यांनीं कामास लाविली. बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टि जन्मापासूनच अत्यंत अधू होती. तरी १९४६-४७ सालीं त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना हाताशीं घेऊन हिंदी भवनाच्या भिंतींवर, ओल्या गिलाव्यावर, मध्ययुगीन संतांची दीर्घ चित्रमालिका रंगविली. गिलावा सुकण्यापूर्वीं रंग बसलाच पाहिजे. तेथें गुरूनें व्याख्यान द्यावें आणि शिष्यानें टिपून घ्यावें याला अवकाशच नसतो.

विश्वभारती निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षा, पदवी आणि नोकरी यांचें ओझें तिच्यावरही आहे. १९२३ किंवा १९२४ सालची तळमळ सरकारी नियमांच्या चौकटींत जशीच्या तशी टिकणें कठीण होतें. शांतिनिकेतनची चामड्याची पिशवी आज दिवाणखान्याची शोभा झाली आहे. परंतु ती ज्या हेतूनें घडूं लागली, तो विकत घेणारास ठाऊक असतोच असें नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत युनेस्कोनें शांतिनिकेतनला जागतिक वारसास्थळ ठरविलें. इमारती व वृक्ष राखले जातील, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र हातांनीं काम करण्याचा वारसा कोणत्याही यादींत नोंदवून टिकत नाहीं. तो रोजच्या रोज चालवावा लागतो.

आतां आमच्या घरांकडे वळूं. एकत्र कुटुंब ही सुद्धां एक लहान वसाहतच आहे. तींत तीन पिढ्या नांदतात, एका स्वयंपाकघरांत जेवतात, आणि कामाची वांटणी मात्र बहुधा अशी असते कीं, सुनांचे हात दिवसभर चालतात आणि अभ्यास करणारा मुलगा ताटावरून उठतो तो सरळ पुस्तकाकडे जातो. त्याला आपण हुशार म्हणतों. मोलकरीण आली नाहीं म्हणजे घरांत जो गोंधळ उडतो, त्यांत या हुशारीचा काडीइतकाही उपयोग होत नाहीं. अशा मुलाला प्रयोगशाळेंत काय किंवा कार्यशाळेंत काय, हात घाण होतील ही भीति प्रथम सोडावी लागते. आणि ती त्याला घरींच लागलेली असते.

म्हणून आमच्या वाचकांस आमची एक विनंति आहे. मुलांसाठीं महाविद्यालय निवडतांना तेथील निकालाबरोबर तेथें विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काय करावें लागतें, हेंही विचारावें. आणि त्याहून सोपें असें एक काम घरींच करतां येईल. महिन्यांतून एक दिवस नेमून त्या दिवशीं घरांतील सर्व पुरुषांनीं व मुलांनीं स्वयंपाक, भांडीं, झाडलोट आणि न्हाणीघराची सफाई हीं कामें आपल्या हातीं घ्यावीं, आणि घरांतील स्त्रियांनीं व मोलकरणीनें विश्रांति घ्यावी. मोलकरणीचा त्या दिवसाचा पगार कापूं नये, हें सांगावयास नकोच. शांतिनिकेतनांतील सव्वाशें मुलांचा प्रयोग फार दिवस चालला नाहीं. सात-आठ माणसांच्या कुटुंबानें तो अधिक दिवस चालवून दाखविल्यास, रवींद्रनाथांनाही तें आवडलें असतें असें आम्हांस वाटतें.