चॉपला शिट्टी नको

नाशिककराला मटण शिकवायला जाऊ नये. काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, वर लालभडक तरी. कुकरच्या शिट्ट्या पाच की सहा यावर घराघरांत वाद होतील, पण ‘जरा कमी शिजव’ असं कुणी म्हणणार नाही. माझा घात याच सवयीनं केला. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात देवळाली कॅम्पातून पोर्क चॉप आणले. आलं-लसूण लावून मटणासारखेच मुरवले, चार शिट्ट्या काढल्या आणि तव्यावर परतले. मसाला झकास उतरला होता; मांस मात्र वातड आणि कोरडं. दातानं ओढलं की उभे धागे सुटत होते. ‘अजून दोन शिट्ट्या हव्या होत्या,’ असं घरातून निदान झालं. पुढच्या खेपेला सहा काढल्या. आणखी वाईट.

चूक शिट्ट्यांच्या संख्येत नव्हती, शिट्टीतच होती.

रश्श्याचं मटण येतं ते बोकडाच्या राबत्या भागांतून. चालून-चढून कमावलेल्या खांद्याच्या आणि पायाच्या स्नायूंत कोलॅजेन भरपूर असतं. हे प्रथिन म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारी दोरीच. बराच वेळ ओल्या उष्णतेत ठेवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटू लागतो. अशा मांसाला वेळ दिला की ते मऊ होतं. चॉप मात्र डुकराच्या पाठीचा, कण्यालगतचा तुकडा. या स्नायूला फारसे कष्ट नसतात, त्यामुळे विरघळवायला त्यात कोलॅजेन फार नाही. तो मुळातच मऊ असतो. आपण त्याला शिजवून मऊ करत नाही. मऊ आहे तो तसाच राहू देणं, एवढंच आपल्या हातात असतं.

मांसाच्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. ते प्रथिनांच्या बारीक तंतूंच्या जाळ्यात अडकलेलं असतं. साधारण ५० अंश सेल्सिअसला त्यातलं मायोसिन हे प्रथिन गोठू लागतं आणि कच्चं, लिबलिबीत मांस घट्ट होतं. ६० च्या पुढे कोलॅजेनची वेष्टणं आकसतात आणि ओला पंचा पिळावा तसं पाणी बाहेर काढतात. ६६ ते ७३ च्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरं प्रथिन गोठतं आणि उरलासुरला रसही जातो. रसाळ चॉप आणि वातड चॉप यांच्यात जेमतेम दहा अंशांचं अंतर आहे. कुकरच्या आत तापमान १२० च्या आसपास जातं. तिथं चॉपचा निभाव कसा लागणार?

‘पण कच्चं राहिलं तर जंत होतील ना?’ डुक्कर म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि तो खोटा नाही. पोर्कमधल्या पट्टकृमीची आपल्याकडे खरीच धास्ती आहे. रोगट मांसात भिजल्या साबुदाण्यासारखे पांढरट फुगे दिसतात; असं मांस सरळ टाकून द्यावं. मात्र एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अर्धकच्चं पोर्क खाल्लं तर कृमी होतो तो आतड्यात. मेंदूत गाठी होऊन फिट येतात तो आजार या कृमीची अंडी पोटात गेल्यानं होतो. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीवरून किंवा हातांवरून पोटात जातात. म्हणून आयुष्यात मांस न शिवलेल्यांनाही हा आजार होतो.

राहिला तव्यावरच्या तापमानाचा प्रश्न. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीची शिफारस ७१ अंशांवरून ६३ वर आणली. वर तीन मिनिटं विश्रांती. खिम्याला मात्र ७१ च. हा आकडा तिथल्या बंदिस्त फार्मांतल्या डुकरांना धरून आहे, हे विसरू नये. आपल्याकडे मी फार्मचं, तपासलेलं पोर्कच घेतो, उणे १५ अंशांच्या खाली किमान तीन दिवस गोठवतो (या थंडीत पट्टकृमीच्या गाठी मरतात) आणि शेवटी आतलं तापमान ६५ च्या खाली राहू देत नाही. मांस कुठून आलं याची खात्री नसेल, तर चॉपच्या नादी न लागता त्याचं विंदालू करावं. गोव्याचं विंदालू काय किंवा वसईकडचं इंदियाल काय, चरबीचे तुकडे, व्हिनेगर आणि दमानं शिजवणं यांवरच ते उभं आहे.

हे अंश मोजायला अणकुचीदार टोकाचा थर्मामीटर लागतो. आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. शंभर दाखवत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं.

आता रस टिकवायचा कसा? लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि चॉप त्यात बुडवून दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचे. मिठामुळे मांसाला पाणी सुटतं, अशी आपली समजूत. होतं उलटं. ऑफर आणि ट्रिनिक या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवलं की मिठाच्या पाण्यात स्नायूंचे तंतू फुगतात. मिठातले क्लोराइड आयन तंतूंना चिकटतात, तंतू एकमेकांना ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी शिरतं. तव्यावर थोडं गेलं तरी गाठीला थोडं जास्त उरतं. गोठवल्यानं झालेलं नुकसानही यात थोडंफार भरून निघतं.

चॉप इंचभर जाड हवा. खाटीक सवयीनं पातळ कापतो, त्याला आधीच सांगावं लागतं. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पातळ चॉप बाहेरून खमंग होईस्तोवर आतून वाळून गेलेला असतो.

खमंगपणा हा वेगळा विषय. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ज्या रासायनिक क्रियेचं वर्णन केलं, ती १४० अंशांच्या आसपास जोर धरते. पृष्ठभाग ओला असला तर तव्याची सगळी ताकद पाणी उडवण्यात जाते, आणि पाणी असेपर्यंत तापमान शंभरीच्या वर सरकत नाही. म्हणून मिठाच्या पाण्यातून काढलेला चॉप फडक्यानं टिपून खडखडीत कोरडा करायचा. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवायचा. आधी चिमट्यात धरून चरबीची कड तव्यावर उभी टेकवायची. चर्रर्र आवाज झाला पाहिजे. मग आडवा टाकून दर मिनिटाला उलटायचा. असा परतला की दोन्ही बाजूंनी सारखा शिजतो. ‘मोठ्या आचेवर भाजलं की छिद्रं बंद होऊन रस आत कोंडतो’ हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचं एकोणिसाव्या शतकातलं मत आजही पाकपुस्तकांत भेटतं. रस काही कोंडत नाही. भाजायचं ते चवीसाठी.

आतलं तापमान ६३ झालं की चॉप तव्यावरून उतरवायचा. बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि पाच मिनिटांत आकडा ६५-६६ वर जाऊन बसतो. नाही बसला, तर परत तव्यावर. काळा मसाला सुरुवातीला लावू नका. तो आधीच भाजलेला असतो, तव्यावर जळून कडू होतो. चॉप विसावत असताना तव्यातल्या कोमट चरबीत चमचाभर मसाला घाला. मसाल्याचा सुगंध चरबीत उतरतो. हंगाम असेल तर मूठभर आंबटगोड द्राक्षं तिथंच ठेचा आणि तव्याला चिकटलेला तांबूस खर उलथन्यानं खरवडून त्या रसात मिसळा. नाशकात यासाठी वाइनची बाटली फोडायची गरज नाही.

डुकराची चरबी बोकडाच्या चरबीपेक्षा कमी तापमानाला वितळते, म्हणून ती टाळूला मेणासारखी चिकटत नाही. मात्र तिच्यात असंतृप्त मेदाम्लं जास्त असतात आणि ती हवेत लवकर बिघडतात. शिळा चॉप गरम केला की जो कुबट वास येतो, तो यामुळेच. तेव्हा उरलाच तर गरम करू नका. दुसऱ्या दिवशी गारच पातळ कापा आणि पावात घालून खा.