चुनखडीयुक्त बरड जमीन (वरोरा परिसर)

चुनखडीयुक्त बरड जमीन म्हणजे चुनखडकाच्या किंवा चुनामिश्रित खडकाच्या उतारावर तयार झालेली उथळ, दगडगोट्यांनी भरलेली आणि मुक्त चुन्याचे प्रमाण जास्त असलेली मृदा होय. कोरड्या गवताळ माळांवर ती विशेषत्वाने आढळते. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात लामेटा शैलसमूहाच्या चुनखडकाची व चिकणमातीची टेकाडे काळ्या जमिनीतून वर डोकावतात. त्यांच्या उतारांवर या मृदेचा अभ्यास चांगल्या प्रकारे करता येतो. पिकांच्या दृष्टीने ही जमीन हलकी मानली जाते आणि महसुली व्यवहारात तिची गणना बहुधा पडीकात होते. गवतासाठी मात्र ती पडीक नाही. शिवाय वरोऱ्याच्या टेकाडांखालील थरांनी गवतांच्या उत्पत्तीविषयीची समजूत बदलली आहे.

नाव आणि वर्गीकरण

विदर्भातील शेतकरी जमिनीची प्रतवारी खोली, रंग व दगडांच्या प्रमाणावरून करतात. काळी सर्वांत खोल व भारी, तिच्याहून हलकी मोरंड, त्यानंतर खरडी आणि शेवटी बरडी किंवा बरड, असा हा उतरता क्रम आहे. बहुतेक ठिकाणी तो टेकाडाच्या उतारावर उलट दिशेने पाहता येतो: माथ्याकडे बरड, मध्ये खरडी व मोरंड, पायथ्याशी काळी. बरड हा शब्द आधारखडकाबद्दल काही सांगत नाही. काळ्या पाषाणावरील मुरमाड जमीनही बरड आणि चुनखडकावरील पांढुरकी जमीनही बरडच. दोन्हींची खोली सारखी असली तरी रासायनिक स्वभाव वेगळा असतो.

मृदाशास्त्रात चुनखडकावरील उथळ, ह्यूमसयुक्त, गडद मातीला रेंडझिना म्हणतात. हा मूळचा पोलिश शेतकऱ्यांचा शब्द आहे. युरोपच्या थंड हवेत सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतात, म्हणून तेथील रेंडझिना काळसर होते. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, माती आठ महिने कोरडी राहते आणि चराईमुळे गवताचा पाला जमिनीत परत जात नाही. त्यामुळे येथील माती फिकट, राखाडी-तपकिरी किंवा तांबूस दिसते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा मृदा बहुतांशी चुनायुक्त लेप्टोसॉल गटात बसतात. येथील मातीला सरसकट रेंडझिना म्हणणे योग्य ठरत नाही.

आधारखडक

लामेटा शैलसमूहाचे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लामेटा घाटावरून पडले. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, नद्या, उथळ तळी आणि पूरमैदाने यांत हे थर साचले. त्यावर पुढे दख्खनच्या लाव्हाचे थर पसरले. वरोरा परिसरात लाव्हाची ही झाकण झिजून गेल्यावर खालचे लामेटा थर उघडे पडले. त्यांत तांबड्या व हिरवट चिकणमाती, वाळूमिश्रित चुनखडक आणि चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या गाठी आहेत.

लामेटामधील बराचसा चुना समुद्रात साचलेला नाही. त्या काळच्या निमकोरड्या हवेत जमिनीतील पाणी वर ओढले जाऊन किंवा वनस्पतींनी शोषून संपले, की विरघळलेला चुना मातीतच खड्यांच्या व थरांच्या रूपाने बसत असे. अशा घट्ट झालेल्या चुन्याच्या थराला कॅल्क्रीट म्हणतात. आजच्या शेतात सापडणारे चुनखडीचे कंकर हे त्याचेच लहान रूप आहे. म्हणजे या उतारांवरील आजची चुनायुक्त माती अंशतः कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुनायुक्त मातीतूनच तयार झालेली आहे. (कंकर हा शब्द भारतीय भाषांतूनच भूविज्ञानाच्या इंग्रजी परिभाषेत गेला.)

चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडक आणखीही आहे. राजुरा व कोरपना तालुक्यांतील सिमेंट उद्योग ज्यावर उभा आहे, तो पैनगंगा गटाचा चुनखडक लामेटापेक्षा कितीतरी जुना आहे. त्यावरील मृदांचा विचार वेगळा करावा लागतो.

निर्मिती

पावसाचे पाणी हवेतील आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडक विरघळवते व बायकार्बोनेटच्या रूपाने चुना वाहून नेते. खडकातील न विरघळणारा भाग, म्हणजे चिकणमाती, वाळू व चर्ट, मागे उरतो. माती बनते ती यातूनच. ज्या खडकात ९० टक्के चुना आहे, त्याचा १ मीटर जाडीचा थर पूर्ण विरघळला तरी १० ते २० सेंटिमीटर इतकाच अवशेष उरतो. चुनखडकावर माती नेहमी उथळ का असते, याचे हे मुख्य कारण आहे. लामेटाचा चुनखडक अशुद्ध असल्याने येथे अवशेष तुलनेने जास्त मिळतो, पण तो खडबडीत असतो.

वरोरा भागात वर्षाला साधारणपणे ११०० ते १२५० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात वरच्या मातीतील चुना धुऊन जायला हवा, अशी अपेक्षा वाटते. परंतु हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जोरदार सरींनी येतो. उतारावर बरेचसे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. जे मुरते ते खडकाच्या भेगांत शिरते आणि पावसाळ्यानंतर बाष्पीभवनाने व मुळांच्या शोषणाने संपते. मग विरघळलेला चुना परत बसतो. जमिनीतून उपटलेल्या दगडाची खालची बाजू पुष्कळदा पांढऱ्या लेपाने माखलेली दिसते, ती यामुळे. त्यातच धुपीने खालचा खडक सतत नव्याने वर येतो आणि मातीला चुन्याचा नवा पुरवठा होत राहतो.

गुणधर्म

उतारावर मातीची खोली बहुधा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असते. कुठे ती केवळ बोटभर, तर दोन शिळांच्या फटीत हातभर असते. ही विषमता गवताळ माळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण झुडपे व झाडे या फटींतच तग धरतात.

मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास ती फसफसते. सामू साधारण ७.८ ते ८.४ असतो. चुन्याचा साठा शिल्लक असेपर्यंत तो फारसा हलत नाही. आम्ल मिसळले की चुना ते खाऊन टाकतो. म्हणून गंधक टाकून अशी जमीन सुधारण्याचा विचार हिशेबात टिकत नाही. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २००० टन धरले आणि तीत १० टक्के चुना असला, तर तो २०० टन भरतो. तेवढा चुना निष्प्रभ करण्यासाठी सुमारे ६४ टन गंधक लागेल, आणि तोवर खालचा खडक नवा चुना देत राहील.

कॅल्शियम भरपूर असल्याने मातीचे कण एकमेकांस धरून राहतात आणि गवताच्या मुळांभोवती रवाळ, भुसभुशीत घडण तयार होते. ह्यूमसलाही कॅल्शियम बांधून ठेवते. निचरा उत्तम असतो, किंबहुना गरजेपेक्षा जास्त. उथळ मातीत पाणी साठायला जागाच कमी असल्याने पावसात पंधरवड्याचा खंड पडला तरी गवत सुकू लागते.

पृष्ठभागावरील दगडांकडे शेतकरी अडथळा म्हणून पाहतात. प्रत्यक्षात ते पावसाच्या थेंबांचा मार अंगावर घेतात, वाहत्या पाण्याचा वेग कमी करतात आणि खालच्या मातीतील ओल टिकवतात. उतारावरील दगड वेचून काढले की धूप वाढते.

अन्नद्रव्यांची स्थिती विचित्र असते. स्फुरद असूनही कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य होते. लोह व जस्त मातीत असतात, पण इतक्या सामूला ते पिकाला मिळत नाहीत. लोहाच्या कमतरतेमुळे कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा हिरव्या राहतात; शेतकरी याला केवडा म्हणतात. संत्रा-मोसंबीसाठी १० टक्क्यांहून अधिक मुक्त चुना असलेली जमीन टाळावी, असा सल्ला याच कारणाने दिला जातो. पांढऱ्या डागांची जमीन पाहून ती क्षारपड समजणे आणि जिप्सम टाकणे ही चूक सर्रास होते. जिप्सम हे सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीवरचा उपाय आहे. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची उणीव मुळातच नसते. येथे शेणखत, बियाण्याजवळ दिलेले स्फुरद आणि फवारणीतून दिलेले लोह व जस्त यांचा उपयोग होतो.

वनस्पती आणि गवत

दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार सांगितले. त्यांपैकी शेडा आणि मारवेल या गवतांच्या प्रजातींवरून ओळखला जाणारा प्रकार द्वीपकल्पीय पठारावर, म्हणून विदर्भातही, पसरलेला आहे. उतारावर माती थोडी टिकली असेल तर शेडा व पवन्या, पायथ्याच्या भारी मातीत मारवेल आणि अतिचराईने उघड्या झालेल्या जागी कुसळ वाढते. माळावर कुसळाचे राज्य असणे हे जमीन थकल्याचे लक्षण मानावे.

झाडांत पळस, बोर, हिवर आणि खडकाळ कड्यांवर सालई दिसते. सागाला चुना मानवतो, तरीही या उतारांवर तो खुरटा राहतो. अडचण चुन्याची नसून खोलीची आहे. मातीचे रासायनिक पृथक्करण करून, पण खोली न मोजता आखलेले वृक्षारोपण येथे नेमके याच कारणाने फसते. वरोरा–भद्रावती परिसरातील माळ व शेते विदर्भात माळढोकाच्या शेवटच्या आश्रयस्थानांपैकी मानली जात. या पक्ष्याला उघडा, विरळ गवताचा प्रदेश लागतो. दाट लावलेली झाडे त्याच्या उपयोगाची नाहीत.

सलग समतल चर हा मृदसंधारणाचा उपाय खोल मुरमाच्या उतारावर उपयुक्त ठरतो. २० सेंटिमीटर मातीच्या चुनखडी उतारावर मात्र ४५ सेंटिमीटर खोल चर खणला की सगळी माती उलथते आणि खालचा चुन्याचा भुगा वर येतो. त्यावर पूर्वीचे गवत सहजी उगवत नाही. काही वर्षे चराईबंदी, पावसाळ्यानंतर विळ्याने गवतकापणी आणि वणव्यापासून राखण हे उपाय स्वस्त आहेत व या मातीला साजेसे आहेत.

जीवाश्म आणि धूप

वरोऱ्याजवळील पिसदुरा व डोंगरगाव ही गावे जीवाश्मांसाठी जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १९ व्या शतकाच्या मध्यास पिसदुऱ्याची हाडे अभ्यासकांच्या नजरेस आणली. डोंगरगाव टेकडीवर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९८४ ते १९८६ दरम्यान एका शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा खणून काढला. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून इसीसॉरस हे नाव मिळाले.

पिसदुऱ्याच्या तांबड्या मातीत विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा, विपुल सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यांतून वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका-कण वेगळे केले. त्यांत गवतांच्या निदान पाच प्रकारांचे कण निघाले. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले, तोपर्यंत डायनोसॉरांच्या काळात गवतांत इतकी विविधता असेल असे मानले जात नव्हते. २०११ मध्ये याच विष्ठाश्मांतून भाताच्या कुळगटाशी जुळणारे कणही नोंदवले गेले.

हे जीवाश्म वर येतात ते धुपीमुळेच. तरीही धूप त्यांना उपकारक म्हणता येत नाही. १ मिलिमीटर मातीचा थर गेला तर हेक्टरी १० घनमीटर माती जाते. दरवर्षी एवढी झीज झाली तर १५ सेंटिमीटर माती दीडशे वर्षांत संपते, आणि चुनखडकावर ती तितक्या काळात पुन्हा तयार होत नाही. नांगरलेल्या किंवा चरून उघड्या पडलेल्या उतारावरून हाडांचे तुकडे व विष्ठाश्म मातीबरोबर घरंगळत ओढ्यात जातात. जागेवरून हललेला तुकडा ओळखता येतो, पण तो कोणत्या थरातून आला हे सांगता येत नाही, आणि सोबतच्या अवशेषांशी त्याचा मेळही घालता येत नाही.